बंद केबिनमधली घंटा

१

रविवारी भर दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी मदतीचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. लिफ्टच्या पेटीतून दुरुस्ती कंपनीला रिंग गेली, वाजत राहिली, आणि कोणीही फोन उचलला नाही. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना बाहेर काढलं. बाई सुखरूप होत्या, पण संताप असा, की सोमवारी कंपनीचं दार उघडताच त्या मालकीणबाईंसमोर हजर झाल्या आणि पाणीसुद्धा न घेता परत गेल्या.

रविवारी तातडीच्या टेबलावर होती आत्या. ती खरं तर एकाच माणसाची आत्या, पण सगळं ऑफिस तिला आत्याच म्हणायचं. अडकलेली, घामाघूम झालेली, रडकुंडीला आलेली माणसं फोनवर आली, की ती पहिलं वाक्य ठरलेलं बोलायची, "घाबरू नका, मी ऐकतेय." इतकी वर्षं लोकांचा जीव त्या एका वाक्याने भांड्यात पडत आला होता.

आणि आता तीच म्हणत होती, की काल दिवसभर फोन वाजलाच नाही.

मालकीणबाई रागीट नव्हत्या, पण शब्दाच्या पक्क्या होत्या. त्यांनी आत्याच्या भाच्याला बोलावून घेतलं. कंपनीतले नवे फोन त्यानेच बसवले होते, त्यामुळे तो सगळ्यांचा भाचेबुवा झाला होता.

"तुमची यंत्रणा काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

भाचेबुवाने लॅपटॉप उघडला. यंत्रणेत स्वच्छ नोंद होती. तातडीचा नंबर, रविवार दुपार, फोन चालू, फोन वाजला, उचलला नाही. पुन्हा वाजला, उचलला नाही. पुन्हा तेच.

"यंत्रणा खोटं बोलते का कधी?"

आठवड्यापूर्वी याच खोलीत छाती फुगवून त्याने सांगितलं होतं, की माणूस चुकेल, पण ही यंत्रणा चुकणार नाही. आता ते शब्द गिळायचे कसे?

"नाही," तो म्हणाला.

"मग संध्याकाळपर्यंत मला दुसरं काही कळलं नाही, तर आत्यांना घरी बसावं लागेल. मला वाईट वाटेल, पण दुसरा इलाज नाही."

२

भाचेबुवाची ती यंत्रणा म्हणजे त्याचा जीव की प्राण. पूर्वी असे ऑफिसचे फोन बसवायचे म्हणजे एकेका फोनसमोर बसून बटणं दाबत नंबर, नाव, पासवर्ड भरत बसायचं. एक मजला होईपर्यंत पाठीचा काटा ढिला व्हायचा. त्याने ते सगळं आपोआप करून टाकलं होतं. प्रत्येक फोनच्या पोटावर कारखान्याने छापलेला एक जन्मक्रमांक असतो. फोनला वायर लावली, की वीजही त्याच वायरीतून मिळते. तो जागा होतो आणि सर्व्हरला विचारतो, मी कोण? सर्व्हर त्याचा जन्मक्रमांक बघतो आणि सांगतो, तू हिशेबखात्याचा, किंवा तू तातडीचा. झालं. सगळी इमारत त्याने एका दुपारी चहा पीत पीत उरकली होती. तेव्हा सगळे भोवती जमले होते आणि तो ऐटीत म्हणाला होता, "भिंतीतल्या कुठल्याही सॉकेटला लावा. फोन स्वतःला बरोबर ओळखतो."

तो वरच्या मजल्यावर आत्याच्या खोलीत गेला. आत्या टेबलाशी बसून शिंकत होती. नाक लाल झालं होतं. डोळे मात्र शिंकांनी लाल झाले होते की रडून, हे त्याने विचारलं नाही.

"सर्दी कधी झाली तुला?"

"सर्दी कसली? काल अगदी ठणठणीत होते. आज आल्यापासून या खोलीत शिंका." तिने रुमाल नाकाला लावला. "तुझ्या त्या विक्रीप्रमुखाने मात्र सगळीकडे सांगून टाकलं, की म्हातारीला सर्दी होती, गोळी घेऊन झोपली असेल."

विक्रीप्रमुख असं म्हणणारच होता. तातडीचे फोन बाहेरच्या एखाद्या कंपनीकडे सोपवावेत, असं टुमणं त्याने कधीचं लावलं होतं, आणि आत्या त्याच्या वाटेतली धोंड होती.

"काल खोलीबाहेर गेली होतीस का?"

"डबासुद्धा इथेच खाल्ला." ती टेबलावरच्या फोनकडे बघत राहिली. "काल तर फोन कसा लख्ख दिसत होता. घड्याळ चष्म्याशिवाय वाचता येत होतं. आज बघ, पुन्हा धुरकट."

फोनच्या स्क्रीनवर कारखान्यातून येणारा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता. अख्ख्या ऑफिसात तो जवळजवळ कोणीच काढला नव्हता. नवी वस्तू नवी राहावी, म्हणून लोक ती धड वापरत नाहीत, त्यातलाच प्रकार. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत फोनचा नंबर येत असे, पण तो वाचणार कोण? स्वतःचा नंबर कोणी स्वतःला लावत नाही.

भाचेबुवा उठला, तशी आत्याने त्याची बाही धरली. आई गेल्यावर त्याला शाळेत सोडायला जाताना ती अशीच बाही धरायची.

"खरं सांग हं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "नोकरीचं राहू दे. फोन वाजला असेल आणि मला ऐकूच आला नसेल, असं असू शकतं का रे? एक बाई आत कोंडून बसली होती. माझे कान गेले असतील, तर तेवढं मला कळायला हवं."

यंत्रणा म्हणत होती, फोन वाजला. आत्या आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. मग एकच शक्यता उरत होती, आणि तीच आत्याने बोलून दाखवली होती.

३

तो खाली उतरला. फाटकापाशी पहारेकरी खुर्चीत बसला होता. रविवारी इमारतीत दोनच माणसं असत, वर आत्या आणि खाली तो.

भाचेबुवाने त्याला उगाच आशेने विचारलं, की काल आत कोणी आलं होतं का. कोणी नाही, तो म्हणाला. मांजरसुद्धा नाही. वर काही वाजल्याचं ऐकू आलं का? वरचं खाली ऐकू येत नाही, हे भाचेबुवालाही माहीत होतं.

"वरचं नाही ऐकलं, दादा. पण खाली वाजत होता ना."

"काय वाजत होतं?"

"हिशेबनीस साहेबांच्या केबिनमधला फोन." पहारेकऱ्याने फाटकाजवळच्या काचेच्या केबिनकडे बोट दाखवलं. "दुपारी. वाजला, थांबला, परत वाजला. केबिनला कुलूप होतं. मला वाटलं, कोणाला तरी सुट्टीचं भान नाही. विचारलं नाही कोणी, म्हणून बोललो नाही."

भाचेबुवा तिथेच पायरीवर बसला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. हिशेबनिसांच्या नंबरावर रविवारी कोणाचा फोन आला होता, ते त्याने शोधलं. मग डोळे चोळून पुन्हा शोधलं.

रविवारी हिशेबनिसांच्या नंबरावर एकही फोन आला नव्हता.

४

जिथे फोन आला, तिथे घंटा वाजली नाही, आणि जिथे आला नाही, तिथे वाजत राहिली. भाचेबुवाचं डोकं चक्रावलं. पण चक्रावलेल्या डोक्यातसुद्धा एक बरी गोष्ट होती. आत्याचे कान शाबूत असण्याची कुठेतरी फट दिसायला लागली होती.

त्याने यंत्रणेतली दुसरी नोंद काढली, जी सकाळी बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. कुठला फोन कधी जागा होऊन 'मी कोण?' विचारायला आला, ती. शनिवारी कामाची वेळ संपता संपता दोन फोन असे नव्याने जागे झाले होते. वीज गेली असती, तर सगळी इमारत एकदम जागी झाली असती. इथे दोनच होते, एक तातडीचा आणि दुसरा हिशेबनिसांचा. आणि आज सोमवारी, सगळ्यांच्या आधी, तेच दोन पुन्हा.

म्हणजे कोणीतरी शनिवारी या दोन फोनांच्या वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या, आणि आज सकाळीही. सकाळी ऑफिसात पहिला पाय ठेवणारा माणूस नेहमी एकच असे, हिशेबनीस.

हिशेबनीस म्हणजे टापटिपीचं भूत. पेनं एका उंचीची, कागद एका कडेला, आणि दुसऱ्याने हात लावलेल्या दाराच्या मुठीला कोपराने ढकलणारे. भाचेबुवा केबिनमध्ये शिरला, तेव्हा ते रिसीव्हर नाकाशी धरून बसले होते आणि कपाळाला आठ्या होत्या.

"भाचेबुवा, तुम्हीच वास घ्या," ते म्हणाले. "येतो का काही वास?"

"नाही."

"तेच तर! दर शनिवारी ती अत्तरबाई फोन पुसून माझ्या रिसीव्हरला निलगिरीचे दोन थेंब लावते. या खेपेला मला टांग मारली. माझ्यासमोर लावले आणि आज वास नाही!"

अत्तरबाई म्हणजे फोन पुसायला येणारी बाई. फोन गोल तबकडीचे होते, तेव्हापासून ती येत होती. दर शनिवारी ट्रॉली घेऊन यायची, जंतुनाशकाने रिसीव्हर पुसायची आणि ज्याला आवडेल तो वास बोलायच्या जाळीला लावून जायची. जुने फोन गेले, नवे आले, पण तिला येऊ नकोस म्हणायचं कोणाच्या मनात आलं नाही.

भाचेबुवाने दार लावून घेतलं.

"तुमच्या या फोनवरचा पापुद्रा कुठे आहे?"

"पहिल्याच दिवशी काढला. त्याच्याखाली धूळ बसते."

ऑफिसात फक्त एका फोनवर पापुद्रा नव्हता, आणि रविवारी आत्याला घड्याळ लख्ख दिसलं होतं.

"आज सकाळी तुम्ही वर आत्याच्या खोलीत गेला होतात," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

हिशेबनिसांच्या हातातला रिसीव्हर खाली आला.

"हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

५

दुपारी मालकीणबाईंच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. आत्या रुमाल हातात धरून बसली होती, हिशेबनीस अवघडून उभे होते, विक्रीप्रमुख घड्याळाकडे बघत होता. निरोप धाडून अत्तरबाईलाही बोलावलं होतं. ती बिचारी दाराशी पदराला हात पुसत होती, आपण काय केलं असेल या धास्तीने.

भाचेबुवाने आधी तिलाच बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, की शनिवारी ती काम कसं करते.

बाकीचे फोन ती जागच्या जागी पुसते, ती म्हणाली. दोन मात्र वायर काढून मागच्या बेसिनपाशी नेते आणि बटणं ब्रशने घासते. हिशेबनीस साहेबांचा, कारण त्यांना त्याशिवाय चैन पडत नाही. आणि तातडीचा, कारण त्यावर बरीच जणं आळीपाळीने बोलतात. दोन्ही सुकले, की एक खाली ठेवते, एक वर. खाली निलगिरी लावते. आत्यांना वास सोसत नाही, म्हणून वर काही लावत नाही.

"कुठला वर आणि कुठला खाली, ते कसं ठरवता?"

अत्तरबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "त्यात ठरवायचं काय? दोन्ही सारखेच असतात. इतकी वर्षं तसंच करतेय. कुठलाही कुठेही लावला, तरी ज्याचा फोन त्याला येतो."

तिचं म्हणणं खोलीतल्या प्रत्येकाला बरोबर वाटलं.

"बरोबर आहे," भाचेबुवा म्हणाला. "जुन्या फोनांचं तसंच होतं. नंबर भिंतीत असायचा. डबा कुठलाही लावा, त्या भिंतीचा नंबर वाजायचा. मी आलो आणि नंबर भिंतीतून काढून डब्यात घातला, आणि तुम्हाला कोणालाही ते नीट सांगितलं नाही. उलट कुठेही लावा म्हणून फुशारकी मारली."

मग त्याने एकेक धागा सोडवला. शनिवारी बेसिनपाशी दोन फोनांची अदलाबदल झाली. तातडीचा फोन खाली, हिशेबनिसांच्या केबिनमध्ये आला, त्याला निलगिरी लागली आणि त्याच्यावर कुलूप पडलं. हिशेबनिसांचा फोन वर आत्यापुढे गेला. दोघांनीही जागे होऊन 'मी कोण?' विचारलं आणि सर्व्हरने दोघांनाही खरं तेच सांगितलं. पण तू कुठे आहेस, हे सर्व्हरने विचारलं नाही, कारण ते विचारायला भाचेबुवाने त्याला शिकवलंच नव्हतं. रात्रीचे फोन मेकॅनिकच्या मोबाइलवर वळतात, म्हणून शनिवारची रात्र निभावली. रविवारी मुख्याध्यापिकाबाईंनी बटण दाबलं, तेव्हा तातडीचा फोन खरोखर वाजला. पण वाजला तो कुलुपाआड. पहारेकऱ्याने जे ऐकलं, ते हेच.

"छान गोष्ट आहे," विक्रीप्रमुख म्हणाला. "पण आज सकाळी मी स्वतः तातडीचा नंबर फिरवला, तेव्हा फोन वरच वाजला. मग तो खाली होता कधी?"

"सकाळपर्यंत." भाचेबुवाने हिशेबनिसांकडे पाहिलं.

हिशेबनिसांनी घसा साफ केला. शनिवारी निघायच्या घाईत त्यांचं लक्ष गेलं नव्हतं, पण आज टेबलावरच्या फोनला पापुद्रा दिसला, तेव्हाच त्यांनी ओळखलं, की हा आपला नाही. बेसिनपाशी आपल्याबरोबर तातडीचाच फोन जातो, हे त्यांना माहीत होतं. ते वर गेले आणि आपला घेऊन आले; शनिवारची निलगिरी त्या दुसऱ्या फोनला लागली असेल, हे मात्र त्यांना सुचलं नाही. दुसऱ्याच्या तोंडचा फोन त्यांना तोंडाशी धरवत नाही.

"घरी चहाचा कप बदलला, तर आपण गाजावाजा करतो का?" ते म्हणाले. "लिफ्टचं प्रकरण मला नंतर कळलं, आणि दोन्हीचा संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्या, मी हे पोटात ठेवलं नव्हतं हो. मला कोणी विचारलंच नाही."

मालकीणबाई बोटांनी टेबल वाजवत म्हणाल्या, "हे सगळं जुळतंय. पण जुळणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. पुरावा?"

"पुरावा सकाळपासून शिंकतोय," भाचेबुवा म्हणाला.

त्याने तातडीचा फोन वरून आणवला होता. रिसीव्हर त्याने मालकीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. जाळीला निलगिरीचा दरवळ होता. ज्या फोनला कधीच वास लावत नाहीत, त्याला वास होता, आणि हिशेबनिसांच्या ज्या फोनला तो दर शनिवारी लागतो, तो कोरडा होता. विक्रीप्रमुखाने ज्या शिंकांवरून आत्याला झोपवलं होतं, त्याच शिंकांनी तिला सोडवलं. त्यानेही वास घेतला आणि घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

सगळे आत्याकडे वळले. आत्या मात्र कोणाकडे बघत नव्हती. तिने भाच्यालाच विचारलं.

"म्हणजे माझ्या खोलीत काल काहीच वाजलं नाही?"

"काहीच नाही."

"कान शाबूत आहेत माझे?"

"शाबूत आहेत, आत्या."

तिने डोळे मिटून घेतले. सकाळपासून तिने श्वास जणू अर्धाच घेतला होता, तो आता पुरा घेतला, आणि लगेच एक सणसणीत शिंक दिली. आधी हसली ती अत्तरबाई, मग मालकीणबाईसुद्धा.

६

संध्याकाळी भाचेबुवा वर आत्याच्या टेबलाखाली मांडी घालून बसला होता. यंत्रणेत त्याने आता एक वाढीव प्रश्न घातला होता. कुठलाही फोन जागा झाला, की सर्व्हर तो कुठल्या सॉकेटला लागलाय तेही बघायचा, आणि जागा चुकली तर भाचेबुवाला तत्काळ कळवायचा. तातडीच्या नंबरापुरती तर त्याने हार पत्करली आणि तो नंबर पुन्हा भिंतीत नेऊन ठेवला. आत्याच्या टेबलामागच्या सॉकेटला कुठलाही फोन लावा, तो तातडीचाच होणार होता. अत्तरबाईची इतक्या वर्षांची रीत मोडण्यापेक्षा यंत्रणेने थोडं वाकलेलं बरं, असं त्याला वाटलं.

हिशेबनीस येऊन गेले. त्यांनी येताना जंतुनाशक आणलं होतं. आत्याच्या फोनवरची निलगिरी त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून काढली, आणि तिला विचारून पापुद्राही ओढून काढला. दुसऱ्याच्या फोनला त्यांनी हात लावलेला कोणी आजवर पाहिला नव्हता.

मग आत्याने मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. कंपनीतर्फे मालकीणबाई बोलल्याच होत्या, पण आत्याला स्वतः बोलायचं होतं. तिने काय घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचा बचाव न करता. मग पलीकडून त्या म्हणाल्या, की रविवारी आत बसल्या बसल्या त्यांना एकच विचार छळत होता. बटण बिघडलं असेल तर ठीक, पण पलीकडे कोणी ऐकत असूनही उचलत नसेल, तर? ते तसं नव्हतं, एवढं कळलं, आता बरं वाटलं.

फोन ठेवून आत्या पदराने डोळे टिपत बसली. टेबलाखालून भाचेबुवाने शेवटची वायर खटकन बसवली आणि खिशातला मोबाइल काढून नंबर फिरवला.

वरच्या खोलीत, आत्याच्या हाताशी, घंटा वाजली. तिने ती एक पूर्ण घंटा मन लावून ऐकून घेतली. मग रिसीव्हर उचलला.

"घाबरू नका," ती म्हणाली, "मी ऐकतेय."

टेबलाखालून तो म्हणाला, "आता नाही घाबरत."